मंगळवारची बायको

आयर्लंडमध्ये कुणी गेलं की घरच्यांचा हात हातात घ्यायचा, ‘सॉरी फॉर युवर ट्रबल’ एवढंच म्हणायचं आणि मग बाजूला होऊन सँडविच खायचं, हे मला ऑफिसातल्या एका आयरिश बाईंनी शिकवलं होतं. मला ते फार सोयीचं वाटलं. अशा वेळी काय बोलावं हे मला आयुष्यात कधी सुचलेलं नाही. आपल्याकडे मी ‘कसं काय झालं?’ असं विचारून बसतो आणि मग घरातलं कुणीतरी बिचारं पहिल्या तापापासून सगळं सांगत राहतं. त्यामुळे हे वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं, अगदी उच्चारासकट. वापरायला संधी तेवढी मिळत नव्हती. ओंगार नावाच्या उपनगरातल्या नव्या घरात आलो आणि पंधरा दिवसांत ती मिळाली.

समोरच्या घरी ओळख करून घ्यायला आम्ही नवराबायको बेसनाचे लाडू घेऊन गेलो. दार उघडलं ते साठीकडे झुकलेल्या, उंच, आफ्रिकन गृहस्थांनी. घरातल्या घरात कोट. चेहरा असा गंभीर, की लाडू आणल्याची लाज वाटावी. आत दिवाणखान्यात एका बुटक्या टेबलावर लाकडात कोरलेली बाई उभी होती. हातभर उंचीची, काळीभोर, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. केसांच्या बारीक वेण्या एकेक कोरलेल्या, लांब मान, मानेवर नक्षीचे उठाव, दोन्ही हात पोटावर, गुडघे किंचित वाकलेले आणि नजर खाली. कमरेला खऱ्या मण्यांची माळ. तिच्यासमोर बशीत भात, सोललेलं उकडलेलं अंडं आणि पाण्याचा पेला.

“या कोण?” मी हळू आवाजात विचारलं.

“माझी पत्नी,” ते म्हणाले.

आता सांगा, आपल्याकडे जिच्यासमोर पान वाढून ठेवलंय ती बाई गेलेलीच असते की नाही? मी बूट काढले. हात जोडले. मग त्या गृहस्थांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि पाठ केलेलं वाक्य, उच्चारासकट, म्हटलं.

त्यांनी माझ्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. “आभारी आहे,” ते म्हणाले, “पण ती स्वयंपाकघरात आहे.”

आणि नर्सच्या युनिफॉर्ममधली एक ठणठणीत बाई, छातीवर उलटं घड्याळ लावलेली, ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन हसत बाहेर आली.

परत येताना माझ्या बायकोने माझ्यापुढे रस्ता ओलांडला. दाराशी आल्यावर म्हणाली, “मी जिवंत आहे ना रे? एकदा नीट बघून घे, मग आत जाऊ.”

*

त्यांना आम्ही मस्यू म्हणायचो. त्यांच्या देशात फ्रेंच चालतं आणि साहेबाला तसं म्हणतात, एवढंच. आयव्हरी कोस्ट म्हटलेलं त्यांना खपत नसे. ‘कोत दिव्वार’ म्हणायचं, आणि तिथल्या जमातींतले आम्ही बाउले. हे ‘आम्ही बाउले’ ते अशा सुरात सांगत की आपल्याकडच्या काही मंडळींची आठवण व्हावी. कोणत्या, ते मी सांगत नाही. मला वर्षातून एकदा पुण्याला जायचं असतं.

योगायोग असा की बॉल्सब्रिजला ज्या इमारतीत माझं ऑफिस, तिथेच दोन मजले वर मस्यू टेस्टर होते. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढायच्या, यासाठी पगार. क्लोन्सिलाच्या स्टेशनवरून आम्ही एकाच गाडीने जायचो. आयर्लंडमध्ये ‘कसे आहात?’ हा प्रश्न नसतो. त्याला ‘ग्रँड’ म्हणायचं आणि पुढे चालायचं. मस्यूंना हे कधीच मान्य झालं नाही. विचारलंय ना, मग सांगितलं पाहिजे. लिफ्टमध्ये कुणी चुकून त्यांना ‘हाउ आर यू’ म्हटलं, की ते घसा साफ करत आणि पाठदुखीपासून सुरुवात करत. लोक त्यांना पाहून जिन्याने जाऊ लागले. चौथ्या मजल्यावरच्या लोकांची तब्येत त्यामुळे सुधारली असं मी एकदा त्यांना म्हणालो. ते हसले नाहीत. “मग ते मला सांगत का नाहीत?” त्यांनी विचारलं.

त्यांच्याकडे पाहुण्याला बसवायचं, आधी पाणी द्यायचं. पाणी पिऊन होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. मग यजमानाने विचारायचं, “तुमची बातमी काय?” पाहुण्याने नीट सांगायचं, कुठून निघालो, वाटेत काय झालं, का आलो. आणि जायच्या वेळी नुसतं उठायचं नाही. रस्ता मागायचा. “मला रस्ता द्या.” यजमान म्हणतो, “अर्धा देतो.” उरलेला अर्धा त्याच्याकडे राहतो, म्हणजे तुम्हाला परत यावं लागतं.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी म्हणालो, “आमच्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत. निघतानाही ‘येतो’ म्हणतात.”

मस्यूंनी विचार केला. “तुम्ही थाप मारता,” ते म्हणाले. “आम्ही निदान रस्ता तारण ठेवतो.”

*

लाकडाच्या बाईचा खुलासा त्यांनी गाडीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात केला होता. जन्माला येण्याआधी माणूस जिथे असतो, त्या जगाला ते ब्लोलो म्हणतात. तिथे प्रत्येकाचा जोडीदार असतो. माणूस इकडे जन्म घेतो, म्हणजे तिकडच्या बायकोला टाकूनच येतो. ती बहुतेक वेळा समजूतदार असते. पण एखादी रागावते, आणि मग इकडे नोकरी टिकत नाही, लग्न ठरत नाही. मस्यूंचं तरुणपणी ठरलेलं लग्न मोडलं, नोकरी गेली. तेव्हा गावातल्या जाणत्याने सांगितलं, तिला रूप द्या. सुताराने कोरायला घेतली. स्वप्नात ती यायची आणि सुधारणा सांगायची. पोटऱ्या अजून भरदार हव्यात, मी कामाची बाई आहे. मान आखूड झाली. सुताराने मुकाट्याने ऐकलं.

“टेस्टरच की हो ती,” मी म्हणालो.

आठवड्यातली एक रात्र तिची. मस्यूंची मंगळवारची. त्या संध्याकाळी ते ऑफिसातल्या कुणाबरोबर पबमध्ये जात नसत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, तिला जेवण देत आणि रात्री बायकोपासून वेगळे, दिवाणखान्यात झोपत.

“तुम्ही हे सगळं मानता?” मी विचारलं. माणूस शिकलेला, सॉफ्टवेअरमधला.

“मी कुठे मानतो?” मस्यू म्हणाले. “ती मानते.”

*

इकडची बायको, सिस्टर, मोठी हसतमुख होती. पण ती रविवारी एका गोदामात भरणाऱ्या चर्चला जायची, आणि तिथल्या पाद्रीबुवांनी घरी प्रार्थनेला यायचं ठरवलं. दिवाणखान्यात सवत उभी, समोर अंडं. सिस्टरने नवऱ्याला सांगितलं, “पाद्री यायच्या आत तिला बाहेर काढ. कुठेही टाक. मला परत दिसता कामा नये.”

त्या संध्याकाळी मस्यू आमच्या दारात उभे राहिले. सुपरमार्केटची मोठी पिशवी, त्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाई, डोकं तेवढं बाहेर. पाणी प्यायले. मी बातमी विचारली. त्यांनी सांगितली आणि म्हणाले, “तुमच्या घरात देवांना जागा आहे, हे मी पाहिलं आहे. हिला थोडी द्याल का?”

माझी बायको मला मराठीत म्हणाली, “दुसऱ्याची बायको ठेवून घ्यायची? वरच्या खोलीत की खालच्या?” आणि मस्यूंना इंग्रजीत म्हणाली, “ऑफ कोर्स.”

मस्यूंनी आमचं घर भाड्याने घ्यायचं असल्यासारखं फिरून पाहिलं. देवघराशेजारी नको, तिला गर्दी आवडत नाही. खिडकीशी ओल येते. शेवटी जिना चढून वर गेल्यावर जे हॉट प्रेस असतं, ते त्यांना पसंत पडलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. गरम पाण्याच्या टाकीजवळचं हे कपाट कायम उबदार असतं, त्यात टॉवेल आणि चादरी ठेवायच्या. “उबेच्या देशातली आहे ती,” मस्यू म्हणाले. “इथे तिला फार सोसावं लागलंय.” खालून दुसऱ्या कप्प्यात, माझ्या आंघोळीच्या टॉवेलांशेजारी, तिची सोय झाली.

तेव्हापासून दर मंगळवारी सहाच्या सुमाराला इस्त्रीचा शर्ट घालून मस्यू यायचे, पाणी प्यायचे, बातमी द्यायचे, घ्यायचे, आणि डबा घेऊन वर जायचे. जिन्याच्या वरच्या चौकात हॉट प्रेसचं दार उघडून, समोर आमची जेवणाची खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्या भाषेत हलक्या आवाजात काहीतरी सांगायचे. खाली आम्ही टीव्हीचा आवाज कमी ठेवून भाजी चिरत बसायचो, जसं शेजारच्या खोलीत नवीन जोडपं असल्यावर बसतात. माझी मुलगी एकदा टॉवेल आणायला वर गेली आणि तशीच खाली आली. “युवर मॅन इज टॉकिंग टू द हॉट प्रेस,” तिने रिपोर्ट दिला. इथे ‘युवर मॅन’ म्हणजे तो अमका माणूस. माझी बायको म्हणाली, “बोलू दे. आपल्या घरात नवरे कपाटाशी तरी कुठे बोलतात?”

*

उन्हाळ्यात माझी आई आली. ती कराडकडची. विमानातून उतरली तेव्हा गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक होता, नेहमीचा. तो मी जन्मापासून पाहत आलोय. माझ्या वडिलांची पहिली बायको बाळंतपणात गेली. आई दुसरी. लग्नाच्या दिवशीच सासूने पहिलीचा टाक तिच्या गळ्यात बांधला. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर एक ठोकलेली बाई. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती टॉवेल शोधायला हॉट प्रेसपाशी गेली. ओरडली वगैरे अजिबात नाही. मला हाक मारली. “ही कुणाची रं?”

मी सांगितलं. जमेल तसं सांगितलं. ब्लोलोचं मराठी मला येत नाही. ती ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, “बरं बरं. सवत हाय म्हण की.” दुसऱ्या मंगळवारी मस्यू डबा घेऊन वर गेले आणि नेहमीचं पुटपुटणं ऐकू आलं नाही. मी धावत गेलो. लाकडाच्या कपाळावर हळद आणि ठसठशीत कुंकू. समोर अर्धी खोबऱ्याची वाटी.

त्या बाईला आजवर मस्यूंशिवाय कुणी हात लावलेला नव्हता. सिस्टरनेही नाही.

“हे कुणी केलं?”

आई मागोमाग वर आली होती, गुडघे धरत. “म्या केलं. त्यांला सांग, देवीचा वार, नवऱ्याची बाई घरात, आन् कपाळ मोकळं ठिवू व्हय?”

मी भाषांतर केलं. मस्यू खुर्चीत बसले. बराच वेळ ते त्या कुंकवाकडे बघत होते. मग म्हणाले, “तिला आजवर सासूने घरात घेतलेलं नव्हतं. माझी आई तिला बघायच्या आधी गेली.” आणि कोटाच्या खिशातला रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. कुंकू पुसलं नाही.

त्या दिवसापासून आई आणि मस्यूंचं जे जमलं, ते मला कधी कळलं नाही. दोघांना एकमेकांचा एक शब्द येत नव्हता. आई दारातच गूळ-पाणी पुढे करायची. मस्यू पिऊन पेला खाली ठेवायचे. आई म्हणायची, “हं, सांगा आता.” मस्यू फ्रेंचमध्ये सांगायचे. आई मराठीत सांगायची. मी मध्ये पडलो की दोघंही हाताने मला गप्प करत.

*

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी मस्यूंनी बातमी सांगितली. त्यांच्या पद्धतीने, क्रमाने. गाडी उशिरा आली. एका नव्या मुलाने केलेली चूक सापडली. हवा ओली आहे. सिस्टरच्या पोटात गाठ निघाली आहे आणि ती पसरली आहे. छत्री गाडीत राहिली.

आई तेव्हा परत गेली होती. माझ्या बायकोने हातातली सुरी खाली ठेवली. मी, अर्थात, विचारलं, “कसं काय झालं?”

“मी हिला घरातून काढलं,” मस्यू म्हणाले आणि वर, जिन्याकडे, बघितलं. “ती म्हणते तिने काही केलेलं नाही. पण ती नजर देत नाही.”

ती नजर कधीच देत नव्हती, तिची नजर कोरतानाच खाली होती, असं मी म्हणणार होतो. बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

हिवाळ्यात एका दुपारी सिस्टर स्वतः आली. डोक्याला रंगीत फडकं, अंगावरचा कोट दोन मापांनी मोठा झालेला. मस्यू ऑफिसात होते. मी घरून काम करत होतो, म्हणजे चहा पीत होतो. तिने पाणी घेतलं आणि सरळ म्हणाली, “मी तिला बघायला आले आहे.”

“तुम्हाला माहीत होतं?” माझ्या बायकोने विचारलं.

“इस्त्रीचा शर्ट घालून हा माणूस दुसरीकडे कुठे जाणार?” ती हसली. “आणि मला खात्री होती. तुम्ही लोक कुणाचा देव बाहेर टाकत नाही. अडगळीत ठेवता, पण टाकत नाही.”

जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागलं. त्याच खुर्चीत बसली. हॉट प्रेसमधली गरम हवा अंगावर घेत तिने त्या बाईकडे नीट बघितलं. नर्स बघते तशी, नखापासून केसांपर्यंत. “पोटऱ्या चांगल्या आहेत,” ती म्हणाली. “माझ्याही होत्या. वॉर्डात उभं राहून राहून.” मग माझ्या बायकोला म्हणाली, “पाद्री म्हणतात, ती मुळात नाहीच. तसं असेल तर प्रश्नच नाही. पण असलीच, तर मी तिच्याकडे चालले आहे. आधी ओळख झालेली बरी.”

आम्ही खाली आलो. ती वर किती वेळ बसली कोण जाणे. उतरताना तिने माझ्या बायकोचा दंड धरला. “माझ्यामागे त्याला सांगा, हिला घरी घेऊन जा. त्या घरात एकटा राहिला तर तो किटलीला बातम्या सांगेल. आणि किटली विचारणार नाही.”

मार्चमध्ये ती गेली. ओल्या, चिकट मातीत तिला पुरलं. नंतर एका हॉलमध्ये रांगेने लोक मस्यूंचा हात हातात घेत होते, तेच वाक्य म्हणत होते आणि सँडविचकडे जात होते. माझी पाळी आली. मी हात धरला. तोंड उघडलं. जे वाक्य मी इतक्या तयारीने पाठ केलं होतं, ज्याची आज खरोखर गरज होती, ते ‘सॉरी’च्या पुढे जाईना.

मस्यूंनीच माझा हात दाबला. “राहू द्या,” ते म्हणाले. “तुम्ही मला आधीच सांगितलं आहे. तुम्ही फक्त लवकर आलात.”

*

त्यानंतर मंगळवारी मस्यू येईनासे झाले. बायकोने सिस्टरचा निरोप सांगितला, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि विषय हवामानावर नेला. गाडीत ते शेजारी बसत, पण माझी बातमी विचारत नसत, आणि मी ‘कसे आहात?’ म्हटलं तर ते चक्क म्हणाले, “ग्रँड.” लिफ्टमध्ये लोक पुन्हा येऊ लागले होते.

मे महिन्यात आई आली. आधी हॉट प्रेस उघडलं. कुंकू वाळून गेलं होतं, बशी नव्हती. “हिला कुणी जेवू घालत न्हाई?” तिने आम्हा दोघांकडे असं बघितलं, की मी खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती समोर भेटायला गेली. शेवटी आईच ती. दुखवट्याच्या घरी काय बोलायचं ते तिला विचारायची गरज नव्हती. काही बोललीच नाही. पाणी प्यायली, पेला ठेवला, आणि म्हणाली, “हं, सांगा आता.”

या वेळी मात्र दोघांनाही मी हवा होतो.

मस्यू म्हणाले, “त्या दोघी आता तिकडे एका ठिकाणी आहेत. रोज भांडतात. मी डोळे मिटले की ऐकू येतं. ती म्हणते, हिच्यासाठी तू मला कपाटात ठेवलंस. ही म्हणते, मी आजारी असतानाही मंगळवारी तू त्या कपाटासमोर जाऊन बसलास. दोघींचं बरोबर आहे. मी कुणाकडून बोलू? म्हणून मी कुणाकडेच जात नाही.”

आईने गळ्यातला टाक बाहेर काढून त्यांच्यासमोर धरला. “ही माझी सवत. आमच्यात दुसरीच्या गळ्यात पहिली बांधत्यात. मग भांडायला तोंडच ऱ्हात न्हाई. एकाच गळ्यात दोघी.”

मस्यू टेस्टर होते. त्यांनी टाकाकडे वाकून बघितलं आणि लगेच चूक काढली. “पण इथे पहिली कोण? ती जन्माच्याही आधीची आहे. हिच्याशी मी नंतर लग्न केलं.”

“मेली ती पहिली,” आई म्हणाली. “मागं ऱ्हायली ती दुसरी. आमच्यात हिशेब असाच हाय. आन् तुमची ती लाकडाची कुठं मरतीया?”

मी भाषांतर केलं. मस्यूंनी टाक पुन्हा एकदा वाकून पाहिला. मग त्यांनी विचारलं, “त्यांना विचारा, याचा उपयोग झाला का?”

हा प्रश्न मी आईला आयुष्यात कधी विचारला नव्हता. आईने टाक परत पदराआड सारला.

“तुझा बाप गेला तवा मंगळसूत्र काढलं,” ती मला म्हणाली, मस्यूंना नाही. “हिला कुठं काढू? सारा जलम मी हिच्याशीच बोलले. चुलीपुढं, रानात. तुझ्या बापाशी बोलायची काय सोय होती? तो आपला बाहेरच्या सोप्यात बसून ऱ्हायचा. त्याला वाटायचं, घरात भांडण न्हाई, लई ब्येस चाललंय.” मग मस्यूंकडे वळून मोठ्याने, बहिऱ्याशी बोलतात तसं, म्हणाली, “झाला! उपेग झाला, सांग त्यांला!”

मी तेवढंच सांगितलं.

पुढच्या मंगळवारी मस्यू आले. इस्त्रीचा शर्ट. डब्यात भात आणि अंडं. खिशातून त्यांनी सिस्टरचं घड्याळ काढलं, युनिफॉर्मला उलटं लावायचं ते. आईने आपल्या पिशवीतला काळा दोरा काढला आणि ते लाकडाच्या त्या लांब मानेत बांधलं. घड्याळ चालू होतं. हात पोटावर ठेवलेल्या त्या बाईच्या छातीवर ते टिकटिक करत होतं, आणि तिची खाली वळलेली नजर आता नेमकी त्याच्यावर पडत होती. कोरणाऱ्याने ही सोय करून ठेवली होती असं वाटावं. माझ्या बायकोने तिची ओटी भरली. त्याच सुपरमार्केटच्या पिशवीत, टॉवेलमध्ये गुंडाळून, मस्यू तिला घरी घेऊन गेले.

*

शरद ऋतूत एकदा गाडीत मी विचारलं, उपयोग झाला का. आई कराडला होती, तिलाही फोनवर कळवायचं होतं.

“भांडण थांबलं,” मस्यू म्हणाले. “अगदी थांबलं. आता दोघी बोलत असतात. खूप बोलतात. हसतात पण.” काचेवर पावसाचे ओघळ होते, बाहेर कालव्याचं पाणी गाडीबरोबर चाललेलं. “मी खुर्ची घेऊन बसतो. मला कुणी बातमी विचारत नाही.”

मी तेव्हा विचारायला हवी होती. पण आमचं स्टेशन आलं, छत्र्या उघडायच्या होत्या.

ते रिटायर झाले आणि गावी परत जायचं त्यांनी ठरवलं. तिथे त्यांचं कुणी उरलं नव्हतं. तो सुतारही गेला होता. पण मस्यू म्हणाले, तिकडे माणूस रस्त्याने जाताना दिसला तरी लोक बातमी विचारतात. सिस्टर इथल्या ओल्या मातीत राहणार होती. घड्याळ बरोबर नेता येत होतं.

रविवारी दुपारी निरोप घ्यायला आले, तेव्हा रिमझिम चालू होती. दाराबाहेर टॅक्सी उभी. कोट, खांद्याला बॅग, बॅगेच्या तोंडाशी टॉवेलचं टोक. बसले. माझ्या बायकोने पाणी दिलं. आम्ही वाट पाहिली. मग मी विचारलं, “तुमची बातमी काय?” त्यांनी सगळी सांगितली, पाठदुखीपासून. खूप दिवसांनी. मी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

मग ते उठले. “मला रस्ता द्या.”

“अर्धा देतो,” मी म्हणालो. हे आता मला जमत होतं, उच्चारासकट.

“या वेळी अख्खा द्यावा लागेल,” मस्यू म्हणाले.

या देशात राहून मला एक सवय लागली आहे. कुणी सभ्यपणे काही मागितलं की मी विचार न करता देऊन टाकतो. “घ्या ना,” मी म्हणालो. “अख्खा घ्या. ग्रँड.”

त्यांनी मान लववली, बॅग पोटाशी धरली आणि गेले. टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही खिडकीत उभे होतो. बायकोच्या हातात त्यांचा रिकामा पेला होता.

“मागितला म्हणून अख्खा द्यायचा असतो होय रे?” ती म्हणाली. “अर्धा तरी ठेवायचास.”